रांजणातले गोटे

नगरहून आमच्या गावाला जायला सव्वा तास पुरतो. निकिता गाडीत असली की मात्र पुरत नाही. रस्ता रुंद करण्यासाठी जिथे जिथे टेकडी कापली आहे, तिथे तिथे तिला उतरायचं असतं. माझी ही लेक पुण्याला भूशास्त्र शिकते, आणि दगड दिसला की तिला आई दिसेनाशी होते.

"आई, हे बघ ना. खाली काळा थर, मधे लाल पट्टा, वर परत काळा. म्हणजे आधी एक लाव्हा येऊन गेला, थंड झाला, त्याच्यावर माती तयार झाली. मग दुसरा आला आणि त्याने ती माती भाजून काढली."

"तुझ्या आजोबांचे सकाळपासून तीन फोन आलेत. तिसऱ्याला तेही भाजून निघाले होते. बस गाडीत."

मी नगरच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. वेळेवर पोचणं माझ्या अंगात मुरलंय, आणि उशीर करणाऱ्या माणसाशी मला गोड बोलता येत नाही, मग ते माणूस माझ्या पोटचं का असेना. त्या दिवशी तर उशीर करून चालणारच नव्हतं. बुद्धपौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या रांजणाचा दिवस.

कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे पुष्कळांनी पाहिलेले असतात. तसेच खळगे आमच्याही गावाशेजारी आहेत, पण थोडे आणि एका बाजूला, म्हणून फारसं कुणी येत नाही. काळ्या कातळात नदीने खोल, गोल, गुळगुळीत खड्डे कोरलेत. त्यातला एक आमच्या वस्तीचा. तोंड अरुंद, पोट मोठं, आत उतरलेला माणूस बाहेरून दिसत नाही. त्याच्या तळाशी बारीकसा झरा आहे. मे महिन्यात कुकडी हाडासारखी कोरडी पडते, तेव्हाही या रांजणात पाणी असतं.

एके काळी आमच्या माणसांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नसत. माझे वडील, रंभाजी, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, लहानपणी विहिरीपासून लांब ओंजळ धरून उभे राहायचे. कुणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. मनात नाही आलं तर ओंजळ तशीच घेऊन परत यायचं. त्या दिवसांत वस्ती जगली ती या रांजणावर. म्हणून जुन्या बायका त्याला शेंदूर लावायच्या, नारळ फोडायच्या.

छप्पन सालानंतर माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली. घरी आले, काथ्याचा बोळा घेतला आणि पहिल्यांदा तो शेंदूर घासून काढला. आजी घाबरली, म्हणाली पाणी आटेल. आजोबा म्हणाले, "दगूड काय देव न्हाई. पन उपकार हायेत त्याचे. उपकार फेडायला देव कशाला लागतोय?" आणि तोच बोळा घेऊन ते रांजणात उतरले. आतला गाळ काढला, तळाचे गोटे काढून काठावर टाकले, भिंती घासल्या आणि वर आले.

तेव्हापासून आम्ही रांजणाला हात जोडत नाही, हात लावतो. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, सगळं घर जमतं आणि रांजण धुऊन काढतं. लग्न होऊन गेलेल्या लेकीही येतात. मी एकदा सात महिन्यांची पोटुशी असताना आले होते आणि काठावर बसून सगळ्यांना कामाला लावलं होतं.

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा घराला कडी होती. माझी आई, बनाबाई, ओट्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"नदीवर चल," ती म्हणाली. "तुजा बाप तुला तिसरा फोन करून तिकडं गेला, तवाधरनं एका जागी बसलाय. बोलत न्हाई."

नदीकाठी सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. सळयांच्या जाळ्या उभ्या होत्या. पलीकडे मजुरांची सात-आठ पालं पडली होती. पर्यटकांना उभं राहून खळगे पाहता यावेत म्हणून मोठा सज्जा बांधायचं चाललंय, हे अण्णांनी मला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ते खूशच होते. लोक येतील, बघतील, म्हणत होते. सज्ज्याचा एक खांब नेमका कुठे येणार, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अण्णा रांजणाच्या तोंडाशी बसले होते. रांजण गळ्यापर्यंत गोट्यांनी भरला होता.

ते आमचेच गोटे होते. सत्तर वर्षं दरसाल आत उतरून काढलेले, काठावर रचून ठेवलेले गोल गुळगुळीत गोटे. मजुरांना आयती भर सापडली होती. त्यांनी ते घमेल्यांनी उचलले आणि परत आत लोटले. माझा भाऊ नितीन शेजारी उभा होता. तो म्हणाला, "उद्या सकाळी काँक्रीट टाकणार आहेत. तयार खड्डा आहे, खोदाई वाचली म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने विचारलं, "कोण आहे इथला मुकादम?"

पालातून एक माणूस आला. चाळिशीचा, खांद्यावर टॉवेल, डोळे झोपेने तांबारलेले. नाव हनुमंत, पाथर्डीकडचा. सहा महिने ऊसतोडीची टोळी घेऊन फिरायचा आणि उन्हाळ्यात तीच माणसं घेऊन बांधकामावर यायचा.

"कुणाला विचारून भरलंत हे?"

"ताई, नदी कुनाच्या नावावर असती व्हय?" तो भांडणाच्या सुरात बोलला नाही, त्यामुळे मला आणखीच राग आला. "सायबानं हितं फुली मारली. तळाला गाळपानी हुतं, साचल्यालं वाटलं, आमी भरलं. आमाला काय ठावं ह्यो तुमचा हाय?"

मी कलेक्टर ऑफिसपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांची नावं त्याला ऐकवली. त्यातल्या अर्ध्यांचे नंबर माझ्याकडे नव्हते आणि उरलेल्यांनी रविवारी फोन उचलला नाही. हनुमंत मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी अण्णाच उठले.

"मुकादम, काँक्रीट उद्या टाकनार ना?"

"व्हय बाबा. साहेब सकाळी येत्यात, तवा."

"मंग आजचा दीस आमचा हाय. आज आमाला साफ करू द्या. उद्या तुमचं तुमी काय करायचं ते करा."

"आज काढायचं आन उद्या परत भरायचं? उगा कष्ट कशाला, बाबा?"

"मयताला आंगूळ घालतोच ना आपन?" अण्णा म्हणाले. "तेवढंच समजा."

हनुमंताने डोक्यावरून हात फिरवला. "करा," म्हणाला आणि पालाकडे निघून गेला.

आम्ही कामाला लागलो. वस्तीतली माणसं आली, बाया आल्या. गोटे हातोहात बाहेर येऊ लागले. दरवर्षी या कामात थट्टा-मस्करी चालते, कुणाची कंबर धरली, कुणाचं पोट सुटलं यावर हसणं होतं. त्या दिवशी नुसता दगडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता. माझा राग मात्र काही केल्या उतरत नव्हता. नितीनला मी दोनदा उगाच बोलले. त्याने ऐकून घेतलं. तो लहानपणापासून ऐकून घेतो.

सावलीला बसून आई निकिताशी बोलत होती. सगळ्यांचं मन जरा हलकं व्हावं म्हणून असेल, निकिता तिला कोकणातल्या सहलीचं सांगत होती. तिकडच्या गरम पाण्याच्या कुंडांत फडक्यात तांदूळ बांधून सोडले की शिजून निघतात, असं.

"आपल्याकडं आसतं तर चहाला ग्यास लागला नसता," आई म्हणाली. "आपला रांजान का गं गार?"

"आजी, आपण बसलोय ना, हा सगळा कातळ एकेकाळी उकळता रस होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि लाव्हा इथून तिथून पसरला. थरावर थर. पार आपल्या भंडारदऱ्याच्या डोंगरांपर्यंत तेच आहे."

"मंजी आपन चुलीवर बसलोय?"

"विझलेल्या. इथली आग कधीच गेली. आता तिच्या जागी पाणी राहतं."

आईने बसल्या जागी कातळावरून हात फिरवला. "इझल्याली चूल झाडूनपुसून ठिवावी लागती," ती म्हणाली. "आपन करतो ते बरोबरच करतो मंग."

निकिता उठून ढिगाशी गेली. ती एक गोटा हातात फिरवत होती. नारळाएवढा, इतका गोल की कुणीतरी चाकावर घडवल्यासारखा. मग ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, मला एक सांगायचंय. हे गोटे कचरा नाहीत. रांजण ह्यांनीच केलाय. पुराच्या भोवऱ्यात सापडून हे आतल्या आत फिरतात आणि खडक घासत जातात. नुसत्या पाण्याला हा खडक एवढा कोरता आला नसता. आपण दरवर्षी बाहेर काढतो ते त्याचं..."

"गप," मी म्हटलं.

"पण खरं आहे ते."

"खरं असू दे. आज नको."

समोर अण्णा वाकून घमेलं वर घेत होते. पाण्याने कातळ कोरला, ही त्यांची आवडती गोष्ट. मऊ असून पाणी हरत नाही, हे त्यांनी आम्हाला लहानपणी इतक्यांदा सांगितलंय की शाळेत माझे मार्क कमी आले तरी मला पाण्याचंच उदाहरण मिळायचं. आणि गोट्यांना ते 'घाण' म्हणत. एवढी घाण काढली की रांजणाला मोकळा श्वास घेता येतो, म्हणत. अण्णांचा रांजण उद्या जाणार होता. त्यांची सत्तर वर्षांची सेवाही आजच काढून घ्यायला माझी जीभ रेटेना. निकिताला ते कळलं. तिने गोटा ढिगावर ठेवला.

दुपार कलेपर्यंत तळ लागला. नितीन दोर धरून आत उतरला. गढूळ पाणी बादल्यांनी उपसलं. काथ्याने भिंती घासल्या. शेवटची बादली वर आल्यावर अण्णा काठावर पालथे झोपून आत बघत राहिले. थोड्या वेळाने तळाच्या फटीतून पाणी पाझरू लागलं. आधी नुसता ओलावा, मग चमक, मग घोटाभर पाणी.

"आलं," अण्णा म्हणाले. "त्याला ठावंबी न्हाई उद्याचं. तरी आलं बघ."

मी तोंड फिरवून भाकऱ्यांचं गाठोडं सोडू लागले.

आम्ही जेवून उठलो तेव्हा पाणी कमरेएवढं झालं होतं, निवळशंख. त्याच वेळी पालांकडून एक बाई आली. पन्नाशीची, काटक, हातात रिकामा हंडा. थोड्या अंतरावर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी कोन म्हनायचं? पानी कुनाचं हाय हे?"

'तुम्ही कोण' हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्यांनी ऐकलाय. त्याच्या पुढे काय येतं ते आम्हाला पाठ आहे. पाणी कुणाचं ते कळल्यावर ही बाई हंडा उचलून जाणार, असं मी धरून चालले. दिवसभराचा राग जिभेवर आला. मी म्हटलं, "का? विचारून मग प्यायचं की नाही ते ठरवणार का?"

ती गोंधळली. "तसं न्हाई, बाई. काल वरच्या मळ्यात हिरीवर गेलतो, तर मालक अंगावर धावून आला. आज टँकर आला न्हाई. लेकरं तान्हेली हायती. पुन्यांदा शिव्या खायच्या न्हाईत म्हनून आधी इचारलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण राग असा एका क्षणात जात नाही. "उद्या तुम्हीच यात काँक्रीट ओतणार," मी म्हटलं.

"भारते," अण्णांनी मला थांबवलं. मग त्या बाईकडे वळून म्हणाले, "ये माय. ह्या रांजनावर इचारायचं नसतं. आन कुनी इचारलं तर आमी सांगायचं नसतं."

त्यांनी स्वतः दोर लावून बादली सोडली आणि तिचा हंडा भरून दिला. भरता भरता ते तिला बाहत्तरच्या दुष्काळाचं सांगू लागले. गावची विहीर तळाला गेली, आणि एका सकाळी अख्खं गाव हंडे घेऊन आमच्या रांजणावर आलं. ज्यांनी वरून ओंजळीत पाणी टाकलं होतं तेही आले. वस्तीतले तरुण काठ्या घेऊन उभे राहिले, त्यात अण्णाही होते. माझ्या आजोबांनी अण्णांच्या हातातली काठी काढून घेतली आणि तिथे दोर दिला. म्हणाले, "ज्याला घोट नाकारला त्यालाच घोटाची किंमत ठावी. वड पानी."

"मी सगळ्या गावाला पानी वढून दिलं," अण्णा म्हणाले. "पयल्या दिशी लई राग आला. दुसऱ्या दिशी कमी आला. तिसऱ्या दिशी हात दुखायला लागलं, मंग रागाकडं ध्यानच ऱ्हायलं न्हाई."

ती बाई हसली. रंगुबाई तिचं नाव. तिने हंड्यातलं पाणी आधी ओंजळीने प्यायलं आणि डोळे मिटले. "आवं, किती गार," म्हणाली. मग पालांकडे तोंड करून हाक मारली. बायका आल्या, पोरं आली, शेवटी हनुमंत आला. अण्णा, नितीन आणि मी आळीपाळीने पाणी ओढत राहिलो. मीही ओढलं. हात दुखायला लागले तेव्हा अण्णा माझ्याकडे बघून गालात हसले.

हनुमंत पाणी प्याला, टॉवेलने तोंड पुसलं, रांजणात डोकावून बघत राहिला आणि मग पालाकडे वळला.

संध्याकाळी निघताना अण्णांनी काठावर हात टेकला. "लई पाजलंस," एवढंच म्हणाले. आमच्यापैकी कुणी रडलं नाही. घरी आल्यावर आई चुलीपुढे रडली, धुराचं निमित्त करून. चुलीत तेव्हा विस्तवही नव्हता.

मी दवाखान्यात फोन करून सोमवारची रजा टाकली. अण्णांना काँक्रीट पडताना तिथे हजर राहायचं होतं. "मानसाच्या मातीला जातो, मंग ह्याच्या न्हाई जायचं का?" त्यांच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. सकाळी चहा घेऊन आम्ही पाचही जण नदीवर गेलो.

लांबूनच आवाज ऐकू येत होते. हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनिअर रांजणापाशी उभा होता. हनुमंत त्याला हातवारे करून सांगत होता. आणि रांजणाच्या तोंडाला वेढा घालून रंगुबाई आणि चार बायका हंडे घेऊन बसल्या होत्या, जणू पाणी भरायला आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत.

"साहेब, खाली झरा हाय. भर निघाली तवा कळलं," हनुमंत म्हणत होता. "रातभरात पानी किती चढलंय बघा की. ह्याच्यात काँक्रीट धरायचं न्हाई. उद्या सज्जा एका अंगाला बसला तर पैल्यांदा माजीच मान धरचाल."

इंजिनिअरने वाकून पाहिलं. खडा टाकला, आवाज ऐकला. "हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी भर हुती ना, साहेब."

तो थोडा वेळ मोबाईलवर कुणाशी तरी बोलला. मग पलीकडच्या सपाट कातळावर जाऊन बुटाने दोन-तीनदा ठोकलं, टेप लावली आणि खडूने नवी फुली मारली. "इथे घ्या. हा कातळ सलग आहे. तो खड्डा राहू द्या तसाच, पर्यटकांना बघायला होईल." असं म्हणून तो सळया मोजायला निघून गेला. त्याला वाटलं असेल एक खांब थोडा सरकला.

अण्णा उभे होते ते खाली बसले. मी नाडी बघायला हात धरला, तर त्यांनी तो हिसडून सोडवला.

हनुमंत जवळ आला. माझ्याकडे बघायचं टाळून तो अण्णांना म्हणाला, "बाबा, झऱ्याचं खरंच हाय. पन झरा नसता तरी मी कायतरी दुसरं काडलं असतं. ह्या रंगुबाईनं राती सांगून टाकलं, ज्याचं पानी प्यालो त्याच्यात घमेलं वतनार न्हाई. तिनं न्हाई म्हनल्यावर बाकीच्या कशा वतत्यात? मी मुकादम हाय, पन चालतंय तिचं."

मी आयुष्यात पुष्कळांचे आभार मानलेत, बहुतेक सवयीने. त्या सकाळी मला हनुमंताशी बोलताच येईना. काल ज्या तोंडाने त्याला कलेक्टरची भीती घातली त्याच तोंडाने काय बोलणार? शेवटी म्हटलं, "दादा, चुकले मी." तो म्हणाला, "आवं ताई, आमीच भरला हुता की," आणि दोघंही हसलो. खरंच सांगते, इतकं हलकं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. रंगुबाईचे हात धरले तर ते माझ्या हातांहून खरखरीत होते, आणि तिने ते सोडवून घेतले नाहीत.

अण्णा सावरले आणि लगेच कामाचं बोलू लागले. "नितीन, टेम्पो आन. हे गोटे पार लांब नेऊन टाक. काठावर ऱ्हायलं तर उद्या आनखी कुनीतरी भर घालंल. घाण नुसती."

निकिताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता सांगायला हरकत नव्हती. खरं तर आता सांगायलाच हवं होतं.

ती अण्णांजवळ बसली आणि तो कालचाच गोल गोटा त्यांच्या मांडीवर ठेवला. "आजोबा, हे लांब टाकू नका." मग तिने सगळं सांगितलं. पूर कसा येतो, भोवऱ्यात गोटा कसा अडकतो, फिरत फिरत तो कातळाला घासतो आणि स्वतःही झिजतो, आणि अशा हजारो वर्षांनी रांजण होतो. "पाणी फिरवतं, आजोबा. पण कोरतो गोटा. हा लाव्ह्याचा खडक फार कठीण असतो. त्याला त्याच्यासारखाच कठीण लागतो."

अण्णा गोट्यावरून अंगठा फिरवत राहिले. मला भीती वाटली. सत्तर वर्षं ज्याला सेवा म्हटलं, ती सेवा नव्हतीच असं कळल्यावर म्हाताऱ्या माणसाने काय करावं?

"मंजी," ते म्हणाले, "आमी सत्तर वर्सं त्याची हत्यारं काडून घेत हुतो?"

"काढली, पण कुठे नेली नाहीत ना. त्याच्या शेजारीच ठेवलीत. आणि नदी दर पुरात नवे गोटे आणतेच. ती थांबली नाही."

"आन आमी दरसाल काडतच ऱ्हायलो." अण्णांनी मान हलवली आणि एकदम खदखदून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "बिचाऱ्यानं तोंडातनं शबुद काडला न्हाई. हे येडे येत्यात, माजी हत्यारं घेऊन जात्यात, वर आंगूळ घालत्यात. पानी काय कमी केलं न्हाई पन."

"आता काय करायचं, अण्णा?" नितीनने विचारलं.

"काय म्हंजे? ज्याचं त्याला द्यायचं."

रात्रभराच्या झऱ्याने पाणी बरंच वर आलं होतं, पण तोंडातून हात घातला तरी पाण्याला पोचत नव्हता, आणखी दोन वीत तरी कमी पडत होता. अण्णा काठावर पालथे झोपले, दोन्ही हातांनी गोटा धरून खाली नेला आणि सोडला. डुबुक असा आवाज झाला. "घे बाबा," ते म्हणाले. "तुजं तुला."

मग नितीनने टाकला, मी टाकला. आईने एक बारकासा निवडून टाकला, तिच्या हाताएवढा. रंगुबाईने विचारलं, "आमी टाकू का?" आणि लगेच स्वतःच जीभ चावली. "न्हाई, इथं इचारायचं नसतं." तिने उचलून टाकला. मग बायका उठल्या, हनुमंत आला. ज्या हातांनी परवा भर म्हणून ते गोटे लोटले होते, तेच हात आता एकेक गोटा जपून सोडत होते. प्रत्येक गोट्यासरशी पाणी जरा वर सरकत होतं.

निकिता म्हणाली, "पुरे, एवढे बास. बाकीचे पूर आणेल." अण्णा ऐकायला तयार नव्हते. उपकार फेडायला बसलेला माणूस 'पुरे' ऐकत नाही.

पाणी काठापासून हातभरावर आलं तेव्हा रंगुबाई वाकली. दोर नाही, बादली नाही. तिने हंड्यावरचा तांब्या सरळ हाताने बुडवला, भरला, पदराने बाहेरून पुसला आणि अण्णांसमोर धरला.

"बाबा, पयल्यांदा तुमी."

अण्णांनी नकळत ओंजळ पुढे केली. लहानपणीची सवय असावी, पाऊणशे वर्षांनी कुठून तरी वर आलेली. रंगुबाईने ओंजळीत ओतलं नाही. तिने अण्णांचे दोन्ही हात तांब्याभोवती धरले आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

अण्णा बघतच राहिले. आधी तांब्याकडे, मग तिच्याकडे. मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. गळ्यावरून ओघळलेलं पाणी सदऱ्यात शिरलं तरी थांबले नाहीत.

"कसं हाय?" आईने विचारलं.

अण्णांनी रिकामा तांब्या रंगुबाईला परत दिला.

"गार हाय," ते म्हणाले. "आनखी दे."